पहिली बट कोणी कापली

४ मार्च

विशेष मुलांच्या केंद्रातून प्रत्येक आईला एक वही मिळालीय. मुलानं दिवसभर काय केलं ते लिहायचं आणि गुरुवारी नेऊन दाखवायचं. त्या वहीत मी त्यांना आवडेल ते लिहिते. 'एलिसेओ जेवला. एलिसेओ खेळला.' खरं काय ते या दुसऱ्या वहीत. ही मी स्वतः विकत आणलीय आणि जांभळ्या मक्याच्या पिठामागे ठेवते. माझा नवरा सेवेरो ट्रक चालवतो, त्याला रस्त्यावरच्या पाट्या सोडून काही वाचायचा कंटाळा आहे. त्यामुळे त्याची भीती नाही.

आज केंद्रात नवलच झालं. इतकी वर्षं आम्ही त्या दारात रांगेत उभं राहून 'हो डॉक्टर, बरं डॉक्टर' करत आलो. आज एकदम लांब टेबल मांडलेलं. एका बाजूला आम्ही सहा आई-बाप, समोर सहा शिकलेले. डॉक्टर उर्किदी म्हणाले, "यापुढे आपल्या मुलांसाठी इथे काय चालायचं ते आपण मिळून ठरवू. तुमचा हात आमच्या हाताएवढाच मोजला जाईल."

पाणी कुठेतरी मुरतंय. ज्यांना माझ्या पोराचं नाव कागद बघितल्याशिवाय आठवत नव्हतं, ते आता मत विचारतात. म्हणजे यांचं सगळं आधीच ठरलंय, उद्या बिघडलं तर खापर फोडायला आमची डोकी हवीयत.

११ मार्च

आज मीच त्यांची परीक्षा घेतली. म्हटलं, "केंद्र सकाळी उघडता, तेव्हा आम्ही सगळ्या बाजारात असतो. मी आपी विकू की पोराला घेऊन येऊ? दुपारी उघडा." जांभळ्या मक्याची गरम आपी आणि चीजचे तळलेले पास्तेल सकाळीच खपतात, दुपारी कुत्रं फिरकत नाही. भांडायला लागेल म्हणून दहा वाक्यं घोकून गेले होते.

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या सोमवारपासून दुपारी."

दहाच्या दहा वाक्यं वाया गेली. शेजारच्या खुर्चीवर ऑर्तेन्सिया होती. तिची मारिबेल बारा वर्षांची, गोल चेहऱ्याची, सगळ्यांना मिठ्या मारत सुटणारी. ऑर्तेन्सिया माझ्या कानात म्हणाली, "अगं हस की जरा, मिळालं ना हवं ते!"

मला हसू येईना. मागितलेलं इतक्या सहज देणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बदल्यात काय मागणार आहेत, ते कळेलच.

२६ मार्च

बोलायला शिकवणारी नवी बाई आलीय, रोक्साना. साँता क्रूसची. तिकडची सखल भागातली माणसं आम्हा डोंगरवाल्यांना काय समजतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हात उभी राहूनही कुडकुडते. वर्षभराची सक्तीची नोकरी आहे, ती संपली की पळेल. आधीच्या तिघी पळाल्या तशीच. दर वर्षी नवी येते, पोराला लळा लावते आणि डिसेंबरात जाते. मग तो दारात जाऊन बसतो.

आज सकाळी ती माझ्या गाडीवर आपी प्यायला आली. चव घेऊन म्हणाली, "डोन्या कासिमिरा, असलं काही मी जन्मात प्याले नाही." लोणी लावते. मग हळूच विषयावर आली. "एलिसेओचे केस सारखे डोळ्यांवर येतात. कापायचे नाहीत का?"

"वेळ आली की कापू," एवढंच म्हटलं.

आमच्या घरातलं हिला कशाला सांगू? मूल बोलायला लागल्याशिवाय केसांना कात्री लावली तर जीभ अडते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. शिवाय पहिली बट कोणीही उठून कापत नाही. जो कापतो तो त्या मुलाचा धर्मपिता, बाई असली तर माद्रिना, जन्मभरासाठी. माझ्या पोराला सात वर्षं झाली. शब्द नाही म्हणून कात्री नाही, आणि कात्री नाही म्हणून माद्रिना नाही. वेणी पार कमरेपर्यंत आलीय, रस्त्यावर लोक त्याला मुलगी समजतात. समजू देत. हे सगळं ऐकून ती साँता क्रूसला जाऊन मैत्रिणींना सांगून हसणार, दुसरं काय.

९ एप्रिल

बदल्यात काय मागणार होते ते कळलं.

रोक्सानाबाईंनी टेबलावर चित्रांचे पत्ते पसरले. पाव, पाणी, बूट, चेंडू, कात्री, संडास. जी मुलं बोलत नाहीत त्यांनी चित्र उचलून द्यायचं आणि आपण ती वस्तू द्यायची. घरीसुद्धा. मी विचारलं, "म्हणजे माझा मुलगा बोलणार नाही, असं तुम्ही ठरवून टाकलंत?"

"तसं नाही, डोन्या कासिमिरा. चित्रांनी बोलणं अडत नाही, उलट..."

"चित्र दाखवून पाव मिळाला तर तो तोंड कशाला उघडेल? मी काय खुळी आहे?"

हात वर झाले तेव्हा माझा विरोधात. ऑर्तेन्सियाचा बाजूनं! मी तिच्याकडे बघतच राहिले. ती म्हणाली, "माझ्या मारिबेलचं अर्धं बोलणं मलाच कळत नाही, बाई. चित्र तर चित्र." आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं.

ठराव पास झाला. पत्ते घरी आणले आणि सणाच्या घागऱ्यांखाली पेटीत घातले.

१७ एप्रिल

एलिसेओला हल्ली नवं खूळ लागलंय. कात्री उचलून आणतो, माझ्या हातात देतो आणि डोकं माझ्या मांडीत खुपसतो. एकदा नाही, रोज. कुणाच्या तरी डोळ्यात जाईल एखाद दिवशी. आज कात्री कपाटावर ठेवून दिली तर तासभर कपाटाला लाथा मारत होता. इतका हट्टी कोणावर गेलाय कोण जाणे.

त्या वहीत लिहिलं: 'एलिसेओ शांत होता.'

२३ मे

परवा सेवेरोच्या ट्रकमध्ये पत्ते सापडले! ड्रायव्हरच्या डोक्यावर उन्हाची झडप असते, तिच्यात खोचलेले. मी पेटी उघडून पाहिली, माझे जागेवरच होते. म्हणजे त्यानं केंद्रातून वेगळे आणले. मला न सांगता.

"तू त्या बाईकडे कधी गेलास?"

"कांदे उतरवून परत येताना. दोनदा-तीनदा."

"कशाला?"

"शिकायला," तो म्हणाला, जणू चाक बदलायला शिकला. "एली ट्रकमध्ये सांगतो मला. पाणी हवं, खाली उतरायचं. आता सीट ओली होत नाही."

"सांगतो? तोंडानं सांगतो?"

"तोंड तर तुझं आहे की, दोघांना पुरेल एवढं."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. बाप आणि ती बाई मिळून माझ्या पाठीमागे पोराला मुकं करतायत आणि मी आपी ढवळत बसलेय. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिते, पण घरचंच ताक असं निघालं तर काय करायचं?

२४ जून

थंडीनं हात फुटले. काल सान हुआनच्या सणाच्या शेकोट्या झाल्या. एलिसेओ आगीकडे बघून हसत होता. तोंडातून 'आ' असा आवाज आला. मी घट्ट धरून म्हटलं, "बोल, आई म्हण, आ-ई." त्यानं तोंड मिटून घेतलं. मी रडले, मग मलाच लाज वाटली.

७ ऑगस्ट

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

दुपारी त्याला आणायला गेले तर दारातच मला त्याचं कपाळ दिसलं. पुढचे केस गेलेले. भुवयांपर्यंत सरळ कापलेले. त्याच्या भुवया मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. मधोमध जुळलेल्या, सेवेरोसारख्या. मग लक्षात आलं, पहिली बट गेली.

रोक्साना हसत पुढे आली. "डोन्या कासिमिरा, आज काय झालं माहितीय? त्यानं स्वतःहून कात्रीचं चित्र उचललं, मग माझा हात धरून..."

पुढचं मी ऐकलं नाही. काय काय बोलले तेही आठवत नाही. एवढं आठवतं की डॉक्टर उर्किदी खोलीतून बाहेर आले आणि परत आत गेले. ती बाई पांढरीफटक पडली होती. म्हणत होती, "मला माहीत नव्हतं, मला खरंच माहीत नव्हतं."

सात वर्षं जपलं. लोकांचं ऐकून घेतलं, सासूचं ऐकून घेतलं, उवा काढल्या, वेण्या घातल्या, एक शब्द यावा म्हणून. आणि एका परकीनं एका दुपारी केसानं गळा कापला. आता तो बोलला नाही तर मी कोणाला विचारू?

बाजारातून घरी येईपर्यंत सगळ्यांना सांगितलं. परवा बैठक आहे. तिला घालवल्याशिवाय मी त्या टेबलावरून उठणार नाही.

९ ऑगस्ट

खोली गच्च भरली होती. सहाच्या जागी तीस आई-बाप आले. मी उभी राहिले आणि म्हटलं, ही बाई इथे नको. हात वर करा.

डॉक्टर उर्किदी घसा साफ करून म्हणाले, "शास्त्राच्या दृष्टीनं केस आणि वाचा यांचा..."

"तुमचं शास्त्र राहू द्या जरा बाजूला, डॉक्टर," ऑर्तेन्सिया म्हणाली. "पोराचं डोकं तुमच्या टेबलावर ठरत नाही."

रोक्साना उठली. मला वाटलं आता रडेल आणि सगळ्यांना दया येईल. ती रडली नाही. म्हणाली, "चूक माझी आहे. मिळून ठरवायचं म्हणतो आणि मी त्याच्या आईला न विचारता कात्री लावली. एकच सांगते, मी माझ्या मनानं लावली नाही. त्यानं मागितलं. कात्रीचं चित्र दिलं, माझा हात नेऊन केसांवर ठेवला. मी नाही म्हटलं, तर परत दिलं. इतके महिने मी त्याला सांगत होते, तू मागितलंस की मिळेल. म्हणून दिलं."

"खोटं," मी म्हटलं. "तो कुणाकडे काही मागत नाही. माझ्याकडे कधी मागितलं नाही."

सेवेरो मागे भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बघायला लागला. त्याला काय झालं होतं कोण जाणे.

हात वर जायला लागले. तेवढ्यात ऑर्तेन्सियानं विचारलं, "थांबा गं. कापलेली बट कुठाय?"

रोक्सानानं पर्समधून रुमाल काढला. बट त्यात नीट बांधून ठेवली होती. "डोन्या कासिमिरांना द्यायला ठेवली होती. फेकावीशी वाटली नाही."

"म्हणजे पहिली बट हिनं कापली," ऑर्तेन्सिया सगळ्यांकडे बघत म्हणाली. "आणि जपून ठेवली. मग हिला घालवता कसं येईल? ही एलिसेओची माद्रिना झाली. म्हणजे कासिमिराची कोमाद्रे, सख्ख्या बहिणीसारखी. कोमाद्रेला कोणी दाराबाहेर काढतं का?"

कोणीतरी फिसकन हसलं. वर गेलेले हात एकेक करून खाली आले, कारण ती म्हणाली ते खरंच आहे. पहिली बट कापणारा चोर असला तरी तो कोमपाद्रे, घरचाच माणूस. आमच्या आजोबांनी असंच एका खेचर पळवणाऱ्याला जन्मभर जेवू घातलं होतं.

रोक्सानानं घाबरत विचारलं, "माद्रिना म्हणजे... मला काय करावं लागेल?"

"मरेपर्यंत निस्तरायचं," ऑर्तेन्सिया म्हणाली.

सगळे खो खो हसले. मी सोडून. मला कळलं होतं, ऑर्तेन्सियाला ही बाई तिच्या मारिबेलसाठी हवीय. माझ्या पोराच्या केसांनी तिनं तिला खुंटीला बांधून टाकलं. पण खुंटीला बांधलेली बाई डिसेंबरात पळत नाही, हेही मला तिथेच बसल्या बसल्या सुचलं.

मी म्हटलं, "ठीक आहे. पण माझी एक अट मताला टाका. पोराच्या अंगाला हात लावण्याआधी घरी विचारायचं. केस, नखं, कान, काहीही. आणि टेबलाच्या त्या बाजूच्या प्रत्येकानं एकदा आमच्या प्रत्येकाच्या घरी येऊन बसायचं, आमच्यात काय चालतं ते ऐकायचं."

सगळ्यात आधी रोक्सानाचा हात वर गेला. डॉक्टरांचा सगळ्यात शेवटी, पण गेला.

१५ ऑगस्ट

घरी मी आणि एलिसेओ दोघंच होतो. पेटीतून पत्ते काढले. तिचं खोटं एकदाचं उघडं पाडावं म्हणून. कात्री, बूट, पाव, तिन्ही त्याच्यासमोर ठेवले. त्यानं पत्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पत्त्यांकडे. जणू मीच एकदाची काहीतरी शिकले होते. पावाचा पत्ता उचलून माझ्या हातात दिला.

मी पाव दिला. त्यानं खाल्ला. पत्त्यांच्या जागा बदलल्या, तरी त्यानं पावाचाच दिला.

भूक लागली की कोणीही पावाकडे हात नेतं, त्याला बोलणं म्हणत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, झालं. पत्ते परत पेटीत ठेवले नाहीत एवढंच. चुलीशेजारी आहेत, हाताशी बरे पडतात.

३० ऑगस्ट

रोक्साना आमच्या घरी येऊन बसली. जमिनीवर. मी केस, जीभ, माद्रिना, सगळं सांगितलं. ती हसली नाही. मग म्हणाली, "हे मार्चमध्ये सांगितलं असतं तर मी कात्रीला हात लावला नसता."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हटलं.

"विचारलं होतं."

मी तिला आणखी आपी वाढली. उगाच जुनं उकरण्यात काय अर्थ आहे.

आणखी एक वर्ष इथेच द्या, असा अर्ज केलाय म्हणते. बघू. अर्ज काय, कोणीही करतं.

२२ सप्टेंबर

सुरुवात झालीच आहे तर रीतीनं पुरं करावं, असं सगळ्यांनी ठरवलं. आज अंगणात एलिसेओचं जावळ झालं. आधी जमिनीला मक्याची दारू, चिचा, पाजली, मग माणसांनी प्यायली. मी त्याच्या केसांच्या लहान लहान बटा करून प्रत्येकीला रंगीत फीत बांधली होती. रीत अशी की प्रत्येक पाहुण्यानं एक बट कापायची आणि पोराला काहीतरी द्यायचं, आणि डोकं मोकळं झाल्याशिवाय कात्री खाली ठेवायची नाही. अर्धवट राहिलं तर अपशकुन. सेवेरोचा मोठा भाऊ तोरिबिओ ओरुरोहून मेंढी घेऊन आला होता आणि सकाळपासून तिच्याबद्दल सगळ्यांना सांगत होता.

माद्रिना म्हणून पहिला मान रोक्सानाचा. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग तिनं कापलं. ऑर्तेन्सियानं कापलं. मारिबेलनं कापलं आणि त्याला मिठी मारली. डॉक्टर उर्किदींनी एवढीशी बट कापली, जणू ऑपरेशनच. एलिसेओ छान बसला होता. मानेवरचं ओझं कमी झालं तसा डोकं हलवून हसत होता. मी मनात म्हणत होते, आता. शेवटची बट पडेल आणि शब्द येईल. एवढ्या सगळ्यांसमोर येईल.

डावी बाजू मोकळी झाली. उजवीकडे फिती तशाच होत्या. मग तो चुळबुळ करायला लागला. कोणी जोरात ओढलं की काय, कळलं नाही. मी खांदे दाबून धरले. "थोडंच राहिलंय, राजा. थोडंच." तो मान काढून घेत होता. तोरिबिओ कात्री घेऊन पुढे आला. "धर गं त्याला नीट, माझी पाळी आहे."

रोक्सानानं त्याच्या गळ्यात एक दोरी अडकवली होती, तिला पाच-सहा पत्ते. त्यानं चाचपडत एक पत्ता शोधला. लाल पंजा, 'बस' सांगायचा. तो त्यानं वर धरला. तिच्याकडे नाही, बापाकडे नाही. माझ्या तोंडासमोर. मी बाजूला केला, त्यानं परत आणला आणि माझ्या छातीवर दाबला. डोळे माझ्या डोळ्यांत. तो असा कधीच बघत नाही.

मी रोक्सानाकडे पाहिलं. टेबलावर एवढं बोलणारी बाई, आज एक अक्षर बोलली नाही. तिला मला फसवायचं असतं तर मध्ये तोंड घालायची हीच वेळ होती. ती नुसती माझी वाट बघत होती.

"कात्री ठेवा, तोरिबिओ," मी म्हटलं.

"काय?"

"ठेवा खाली. झालं."

"अर्धं डोकं झालंय, कासिमिरा! अपशकुन आहे! लोक काय म्हणतील? आणि मी ओरुरोहून मेंढी आणलीय, तिचं काय करू?"

"मेंढी परत न्या. तो बस म्हणाला."

तोरिबिओनं एकदा पोराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग लोकांकडे वळून हसला, चिचा चढल्यावर हसतात तसा. "कोण म्हणाला? मला तर काही ऐकू आलं नाही."

"मला आलं," मी म्हटलं.